स्वभावात बदल

आमचे सर्जन पेशाने गळेकापू आहेत. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात. प्रत्येक नव्या पेशंटच्या नातेवाइकांसमोर म्हणतात, त्यांचे चेहरे पडले की माझ्याकडे बघतात आणि पुढचं निस्तरायला मला ठेवून निघून जातात. मग मी समजावून सांगते. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. पाण्याच्या पाइपात क्षार साचतो तसा कधी एखादीत थर साचतो. त्यातला कण सुटून वर गेला की माणसाचा हात जातो, वाचा जाते, कधी माणूसच जातो. तो थर खरवडून काढायचा तर तेवढा वेळ ती रक्तवाहिनी चिमटे लावून बंद करावी लागते, आणि दुसरीने दोघींचं काम रेटावं लागतं. ती रेटते आहे की नाही हे बघायला मी असते.

थोडक्यात, मी मेंदूवर पाळत ठेवते. डोक्याला तारा चिकटवते आणि पडद्यावर लहरी बघते. शिकून डॉक्टर झालेय, पण अख्ख्या इमारतीत मला तारवाल्या बाई म्हणतात, आणि आता तक्रार करण्यात अर्थ उरलेला नाही. आमच्याकडे हे ऑपरेशन पेशंटला जागं ठेवून करतात, फक्त मान बधिर करतात. त्यामुळे मला त्याच्याशी बोलावंही लागतं. मेंदू ठीक चाललाय याचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे माणूस शुद्धीवर आहे आणि धड बोलतोय. मशीनचा नंबर त्यानंतर. मला गप्पांची अजिबात हौस नाही. लिफ्टमध्ये कोणी हवापाण्याबद्दल बोलायला लागलं तर मी एक मजला आधी उतरते. पण मान उघडी असलेल्या माणसाशी मी तासभर गोड बोलू शकते, पगार त्याचाच मिळतो.

शिवाय बदक असतं. डाव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर पेशंटच्या उजव्या हातात एक रबरी बदक देतो, कारण मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो. मी ‘दाबा’ म्हटलं की दाबायचं, बदक चूं करतं, सगळे निर्धास्त. बदक वाजलं नाही की सगळे उभे राहतात. यासाठी एक महागडं यंत्रही मिळतं, पण ते मागवायचा विषय निघाला की ऑफिसातले लोक जेवायला जातात. म्हणून आम्ही खेळण्यांच्या दुकानातून बदकं आणतो. प्रत्येकाला नवं. बरेचसे पेशंट नंतर ते घरी नेतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पेशंटला भेटून येते. माणूस एरवी कसा बोलतो, कसा हसतो, किती वेळ घेऊन उत्तर देतो, हे माहीत असलं तरच बिघडलेलं ओळखता येतं. याला आम्ही बेसलाइन म्हणतो.

त्या दिवशीचे पेशंट वजनमापांचे निवृत्त निरीक्षक होते. आयुष्यभर दुकानादुकानांतून हिंडून त्यांनी तराजू तपासले होते, खरे असतील त्यांवर शिक्का मारला होता आणि खोटे असतील ते उचलून नेले होते. खोलीत ते पलंगावर ताठ बसले होते. मी त्यांना काका म्हटलं. ते म्हणाले, मी तुमचा काका नाही. मग साहेब म्हटलं. ते चाललं.

मी नाव विचारलं, तर ते म्हणाले, तुमच्या हातातल्या फाइलवर आहे. वार विचारला, तर म्हणाले, डॉक्टरांना वार माहीत नसेल तर ऑपरेशन उद्या आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या बाई कोण, असं विचारलं, तर म्हणाले, तिलाच विचारा, तोंड आहे तिला. मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. तुमचं मशीन कोण तपासतं? शेवटचं कधी तपासलं? तपासणाऱ्याचं मशीन कोण तपासतं? मी सांगितलं की दर वेळी सुरू करताना मशीन आधी स्वतःला एक ठरावीक लहर पाठवतं आणि ती बरोबर उमटली तरच पुढे जातं. बघू, म्हणाले. मला वाटलं, बोलण्याची पद्धत आहे. तसं नव्हतं. मला खालच्या मजल्यावरून मशीन ढकलत आणावं लागलं. त्यांनी ती लहर नाक पडद्याला लागेपर्यंत वाकून पाहिली आणि ‘हं’ म्हणाले. त्यांच्याकडून मला मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती.

बदक मात्र नापास झालं. दर वेळी सारखं वाजत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. दोनचार वेळा दाबून पाहिलं तर खरंच सारखं वाजत नव्हतं.

मी मनातल्या मनात नोंद केली: वाचा उत्तम, स्मरण उत्तम, स्वभाव आडमुठा, कशालाही हो म्हणत नाही. बाहेर आले तर त्यांच्या पत्नी माझ्यामागोमाग आल्या. त्यांना मी काकू म्हटलं. त्यांनी हरकत घेतली नाही. उलट दंडाला धरून मला पाण्याच्या कूलरपाशी नेलं आणि उद्या ह्यांच्याशी तुम्हीच बोलणार ना, म्हणून विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी त्या सकाळची हकिगत सांगितली. फाइलमध्ये तिची दीड ओळ होती: काही वेळ वाचा गेली, उजव्या हाताला कमजोरी, आपोआप सुधारणा.

त्या सकाळी दोघांचं भांडण चाललं होतं. विषय, स्वयंपाकघरातली खिडकी उघडी ठेवायची की बंद. लग्न झाल्यापासून हा विषय चालू आहे. ऋतू बदलला की दोघं बाजू बदलतात, विषय तोच. तर काकूंनी आपला मुद्दा मांडला आणि हे उत्तर देता देता मध्येच गप्प झाले. काकूंना वाटलं, चला, एकदाचं पटलं. सुंठेवाचून खोकला गेला. त्यांनी खिडकी सताड उघडली, चहा केला, रेडिओ लावला आणि खिडकीपाशी उभं राहून सावकाश चहा घेतला. किती दिवसांनी इतका निवांत चहा मिळाला असं त्यांच्या मनात आलं, तेही त्यांनी मला सांगितलं. मग वळून पाहिलं. हे टेबलाशीच बसले होते. चमचा खाली पडलेला, तोंड नुसतं उघडमीट करत होते.

“मी चहा पीत होते, डॉक्टर,” काकू म्हणाल्या. “हे तिथे आत अडकून पडले होते आणि मी चहा पीत होते.”

मी म्हटलं की कोणालाही कळलं नसतं. ते खरं होतं आणि त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं.

“पायाला काही झालं तरी चालेल,” त्या म्हणाल्या. “मी हात धरून नेईन कुठेही. पण ह्यांना भांडता आलं पाहिजे. गप्प बसलेले मला नाही बघवणार.”

मी शब्द दिला नाही. आमच्या धंद्यात कोणी देत नाही. मी आपलं ‘बघू’ म्हटलं आणि जिन्याने खाली उतरले. उतरताना माझी मलाच चीड आली, कारण पेशंटचं काही मनाला लावून घ्यायचं नाही हा माझा नियम आहे आणि तो मी बऱ्यापैकी पाळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन सुरू झालं. मानेच्या आणि चेहऱ्याच्या मध्ये हिरवं कापड तंबूसारखं टांगतात. त्या बाजूला सर्जन, ह्या बाजूला मी. तंबूत पेशंटचं तोंड, माझं तोंड आणि एक दिवा, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच फार ओळख झाल्यासारखं होतं. उशाशी भूलतज्ज्ञ बसतात. पेशंट जागाच असल्यामुळे त्यांना बीपी बघण्यापलीकडे फारसं काम नसतं, आणि ते न करण्याचा त्यांना चांगला सराव आहे.

निरीक्षकसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं की भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे. दिवा डोळ्यांवर येतोय. कापडाला वास येतोय. सर्जन गुणगुणतात ते त्यांनी थांबवावं, आणि गुणगुणायचंच असेल तर सुरात. सर्जन थांबले. इतक्या वर्षांत आम्ही कोणी ते त्यांना सांगू शकलो नव्हतो.

“चिमटा लावतोय,” सर्जन म्हणाले.

या वेळी खोलीत कोणी बोलत नाही. चिमटा लागला की सुरुवातीची दोनतीन मिनिटं कसोटीची. मी पडदा बघत होते. डावीकडच्या लहरी, उजवीकडच्या लहरी, दोन्ही बहिणी बहिणी. दाबा म्हटलं, बदक वाजलं. वार विचारला, तर म्हणाले, काल जो होता त्याच्या नंतरचा. मी सर्जनना पुढे जा म्हटलं आणि त्यांनी रक्तवाहिनी उघडली.

आता त्यांना बोलतं ठेवायचं होतं. ज्याची ज्यात हयात गेली ते विचारावं, म्हणून मी विचारलं, दुकानदार फसवतात कसे. मग काय, घोडं चौखूर उधळलं. पारड्याखाली लोहचुंबक चिकटवणारे, आतून पोकळ वजनं ठेवणारे, काटा स्थिर व्हायच्या आत माल उचलून पिशवीत घालणारे, सगळे आले. मग सासरे आले. सासऱ्यांचं किराण्याचं दुकान होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात जावईबापूंनी तिथे तपासणी केली, तराजू खोटा निघाला, तो जप्त केला.

मी विचारलं, काकूंना वाईट नाही का वाटलं.

“काटा चुकीचा होता,” ते म्हणाले.

मी म्हटलं, आधी घरात सांगून ठेवता आलं असतं. ते म्हणाले, घरात सांगितलं असतं तर तपासणीच्या दिवशी काटा बरोबर निघाला असता. मी ‘दाबा’ म्हटलं, बदक वाजलं. सर्जन कापडापलीकडून म्हणाले की थर बराच जुना आहे, सुटायला वेळ घेतोय. मी उगाच विषय लांबवायला म्हटलं, तरी पण साहेब, सासऱ्यांशी जरा गोडीने घ्यायला हवं होतं.

“हो,” ते म्हणाले.

काकूंना त्रास झाला असेल, मी म्हटलं.

“हो. बरोबर.”

“अरे वा,” सर्जन पलीकडून म्हणाले, “आमच्या बाईंनी साहेबांना नरम केलं.” भूलतज्ज्ञ हसले. आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. कालपासून या माणसाने माझी एक गोष्ट धड मान्य केली नव्हती. आपल्यात काहीतरी कसब असावं असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पडद्यावर डावीकडच्या लहरी किंचित बसल्यासारख्या दिसत होत्या, पण ठरलेल्या हद्दीच्या आत होत्या, आणि साहेबांनी घड्याळ बघायला डोकं फिरवल्यापासून डाव्या कानशिलाजवळची एक तार सैल झालीच होती. दाबा म्हटलं. बदक वाजलं. जरा थांबून वाजलं, पण वाजलं.

आणि मला काकूंचा चहा आठवला.

मी तोंड त्यांच्या अगदी जवळ नेलं. ते माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही दुखत असल्याचं चिन्ह नव्हतं, उलट असा समजूतदार भाव होता की मला त्याचीच भीती वाटली.

“साहेब,” मी म्हटलं, “पाच किलो म्हणजे पाचशे ग्रॅम ना?”

“हो,” ते म्हणाले. “बरोबर.”

मी मोठ्याने सांगितलं की बोलणं गेलंय. भूलतज्ज्ञांचं हसू मावळलं. मी बीपी विचारलं, ते थोडं उतरलेलं होतं. त्यांनी औषध देऊन ते वर चढवलं, आणि चढवताना त्यांचा हात असा काही चालला की ते एरवी काम टाळतात हे माझं म्हणणं मी तेवढ्यापुरतं मागे घेतलं. कधी कधी एवढ्यानेच काम होतं. दाब वाढला की दुसऱ्या बाजूने रक्त जास्त पोहोचतं. मी वाट बघितली आणि पुन्हा विचारलं. पाचशे ग्रॅम ना? हो.

“नळी घाला,” मी म्हटलं.

नळी म्हणजे चिमट्यांना वळसा घालून रक्त वर पोहोचवणारा तात्पुरता रस्ता. उघड्या रक्तवाहिनीत खालून एक टोक, वरून एक टोक. सर्जनना ती आवडत नाही, आणि त्यात त्यांचा हट्ट नाही. नळी घालताना एखादा कण सुटून वर गेला तर जे टाळायला आपण जमलोय तेच आपल्या हाताने होतं. म्हणून गरज असेल तरच घालायची, आणि गरज आहे की नाही हे मी सांगायचं. त्यांनी मान वळवून माझ्या पडद्याकडे पाहिलं.

“पडदा तर अजून हद्दीत आहे. नक्की?”

“नक्की.”

“कशावरून?”

“ते मला हो म्हणताहेत,” मी म्हटलं.

आदल्या संध्याकाळी ऑपरेशनची माहिती द्यायला सर्जन स्वतः साहेबांकडे गेले होते. तिथे त्यांनी रक्तवाहिनीची जाडी सांगितली तेव्हा साहेबांनी ती कशाने मोजली हे विचारून त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं होतं. त्यांनी मान हलवली आणि सिस्टरपुढे हात केला.

“नळी द्या.”

पुढचा वेळ मला नीट आठवत नाही. मी साहेबांचा मोकळा हात धरून ठेवला होता, असं नंतर भूलतज्ज्ञ म्हणाले. असेल. माझ्या डोक्यात एवढंच होतं की मी चुकले असेन तर या माणसाची वाचा माझ्या शब्दापायी जाणार, आणि बाहेर काकू बसल्या आहेत. पलीकडून सर्जन म्हणाले, रक्त सुरू झालं. मी पडदा बघत राहिले. पडदा विचार करत राहिला. मी पुन्हा काही विचारलं नाही, कारण मला पुन्हा ‘हो’ ऐकायची छाती नव्हती.

“हजार,” साहेब म्हणाले.

मी काय म्हणून विचारलं.

“पाच... हजार.” त्यांनी कपाळाला आठी घातली. “किलोत हजार ग्रॅम. पाच किलोत पाच हजार. तुम्हाला डॉक्टर कोणी केलं?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तंबूत दुसरं कोणी नव्हतं, पण ते बघत होते. त्यांनी विचारलं की सर्दी झालीय का, आणि झाली असेल तर तोंडावरचा मास्क आधी नाकावर घ्या. मी घेतला. सर्जन पुन्हा गुणगुणायला लागले आणि साहेबांनी त्यांना पुन्हा थांबवलं.

ऑपरेशन संपल्यावर मी बाहेर जाऊन काकूंना सांगितलं की मध्ये थोडी गडबड झाली होती, पण आता सगळं ठीक आहे आणि साहेब आतमध्ये घड्याळावरून सिस्टरशी वाद घालताहेत. काकूंनी विचारलं, आवाज चढवून? मी म्हटलं, चांगला चढवून. त्यांनी बाकाची कड धरली आणि हळूच बसल्या.

मग मी त्यांना ते सांगितलं जे सगळ्याच नातेवाइकांना सांगते. पुढचे दोनतीन दिवस जपायचे असतात. तोंड वाकडं दिसलं, हात लुळा पडला, डोकं फार दुखलं, बोलण्यात अडखळले, किंवा स्वभावात काही बदल वाटला तर एक क्षण थांबायचं नाही, बेल दाबायची. आम्हाला कोणी उगाच बोलावलं म्हणून राग येत नाही. हे मी इतक्या वेळा बोलले आहे की बोलताना पुढच्या पेशंटचा विचार करू शकते. काकू मात्र एकेक शब्द ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. नुसती वाजली नाही, वाजत राहिली.

मी पोहोचले तेव्हा सर्जन माझ्याआधी तिथे होते. जेवण अर्धवट टाकून आले होते, हात धुतले होते की नाही कोण जाणे. साहेबांचा पलंग स्कॅनसाठी खाली न्यायला चार माणसं जमली होती. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि एकच वाक्य म्हणत होत्या, हे हे नाहीत. काय झालं विचारलं की, बघा ना, बोलतात कसे बघा ना. सिस्टरनी पाहिलं होतं, तोंड सरळ, हात भक्कम, शब्द स्पष्ट. पण आदल्याच दिवशी तासभर सगळं सुरळीत दिसत असताना काय झालं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताक फुंकणं भाग होतं. साहेबांना खाली नेलं. स्कॅन स्वच्छ निघाला. साफ केलेली रक्तवाहिनी तपासली, धो धो वाहत होती. मी डोक्याला पुन्हा तारा लावल्या. मशीनने स्वतःला लहर पाठवली, साहेबांनी ती बघितली, मग मी त्यांच्या लहरी बघितल्या. माझ्या लहरी इतक्या चांगल्या असतील की नाही, शंका आहे.

मी प्रश्न विचारले. वार त्यांनी सांगितला नाही, पण न सांगण्याची पद्धत अगदी पूर्वीचीच होती.

सगळे खोलीत परत आलो. सर्जननी काकूंना खुर्चीत बसवलं आणि शांतपणे विचारलं की नेमकं काय झालं, सुरुवातीपासून सांगा. काकूंनी एकदा साहेबांकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे बघून बोलल्या.

“मी ह्यांची उशी सारखी करत होते. तर हे म्हणाले, तू घरी जाऊन झोप जरा. रात्रभर खुर्चीत पाठ दुखली असेल तुझी.”

सर्जन पुढचं ऐकायला थांबले.

“आणि मग?”

“एवढंच,” काकू म्हणाल्या. “मी लगेच बेल दाबली.”

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे पाहिलं. पुढचा पेशंट वाट बघत असेल असं काहीतरी ते पुटपुटले आणि नेहमीप्रमाणे पुढचं निस्तरायला मला ठेवून गेले. जमलेली चार माणसंही एकेक करून गेली.

“यात मी चुकीचं काय बोललो?” साहेबांनी मला विचारलं.

मी म्हटलं, काही नाही.

“मग एवढी पळापळ कशाला?”

मी तारा गुंडाळायला लागले. त्यांनी काकूंकडे पाहिलं. तपासायला आलेल्या माणसाचा चेहरा असतो तसाच तो होता, फक्त जरा कमी खात्रीचा.

“मी असं कधी म्हटलंच नाही का?”

“नाही,” काकू म्हणाल्या. रागाने नाही, वार सांगावा तसं.

साहेबांना हे मान्य होण्यासारखं नव्हतं. ते आठवायला लागले. आठवणारा माणूस मी पुष्कळदा पाहिलाय, ते माझं कामच आहे. ते शोधत होते, मनापासून शोधत होते.

“तुझा पाय मोडला होता तेव्हा,” ते म्हणाले.

“तेव्हा तुम्ही म्हणालात, जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत.”

“नव्हत्याच,” साहेब म्हणाले. बरेच आणखी प्रसंग त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत. एकही त्यांनी बोलून दाखवला नाही.

काकू माझ्याकडे वळल्या. त्यांना आता भीती वाटत नव्हती, एवढं मला दिसत होतं.

“डॉक्टर, खरं सांगा. ऑपरेशनमुळे ह्यांच्या डोक्यात नवीन काही झालेलं नाही ना?”

“नाही, काकू. काहीही नाही.”

“म्हणजे असं बोलता येत होतं ह्यांना? आधीपासून?”

मला इथे दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. औषधांमुळे होतं, पेशंट हळवे होतात, असलं पुष्कळ सांगतात लोक. पण मला ते सुचलं नाही, आणि तपासणी तर माझ्या समोरच होती.

“हो,” मी म्हटलं. “तो भाग चांगला आहे. पहिल्यापासून.”

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या. हळूहळू नाही. ऑपरेशनच्या आधी नाही, ऑपरेशन चालू असताना नाही, आत्ता, सगळं ठीक आहे म्हटल्यावर, त्या खांदे गदगदून मोठ्याने रडल्या. साहेब माझ्याकडे बघायला लागले. टेबलावर असताना बघत होते तसे, मी ‘दाबा’ म्हणायची वाट बघत. मी काही म्हटलं नाही. हे माझ्या कामात येत नाही.

त्यांनी उजवा हात उचलला. ताकद पूर्ण होती, कंप नव्हता. हात थोडा वेळ पलंग आणि खुर्चीच्या मध्ये तसाच राहिला. मग त्यांनी तो काकूंच्या पाठीवर नेला. तिथे कसा ठेवायचा असतो ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून नुसता टेकवला.